तरुण मानसोपचारतज्ज्ञाची पीएचडी: विभागाने आधी तासांचा हिशोब मांडावा

नुकतंच प्रशिक्षण संपवलेला मानसोपचारतज्ज्ञ "मला पीएचडी करायची आहे" म्हणाला, की विभागप्रमुख खूश होतात, एखाद्या मार्गदर्शकाचं नाव सुचवतात आणि बोलणं तिथेच थांबतं. खरं तर त्याच दिवशी कागद घेऊन बसायला हवं. ओपीडी, वॉर्ड आणि ऑन-कॉल सांभाळून केलेलं संशोधन बहुतेक वेळा एकाच कारणाने रखडतं: प्रश्न निवडताना तास कोणी मोजलेलेच नसतात.

एक नमुनेदार बेत घेऊ. नैराश्याच्या रुग्णांचे दोन गट, एकाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्यासोबत एक नवी मानसोपचार पद्धत. दोन गटांतला अपेक्षित फरक मध्यम, म्हणजे प्रमाण विचलनाच्या ०.५ पट धरला आणि ५ टक्के सार्थकता पातळी (नसलेला फरक आहे असं वाटण्याची शक्यता) व ८० टक्के सांख्यिकीय क्षमता (असलेला फरक सापडण्याची शक्यता) ठेवली, तर प्रत्येक गटात ६४ जण लागतात. २० टक्के लोक मध्येच गळतील असं धरलं की ८०. एकूण १६०. (फरक ०.३ एवढाच अपेक्षित असेल, तर गळती धरण्याआधीच प्रत्येक गटात साधारण १७५ लागतात. म्हणून हा आकडा आशेवर ठरवू नका.)

आता ओपीडीकडे वळा. समजा आठवड्याला नैराश्याचे २० नवे रुग्ण येतात. निकषांत १० बसतात आणि त्यातले ५ तयार होतात. म्हणजे भरतीलाच, रुग्णांना अभ्यासात घ्यायलाच, ३२ आठवडे. पहिली मुलाखत दीड तासाची असेल, तर आठवड्याचे साडेसात तास तिथेच गेले. पाठपुराव्याच्या दोन भेटी, प्रत्येकी पाऊण तास, सुरू झाल्या की आणखी साडेसात. आठवड्याला पंधरा तास! "आठवड्यातला एक दिवस संशोधनाला दिला" हे वाक्य ऐकायला उदार वाटतं, पण या अभ्यासात त्या दिवसाने मुलाखतीही उरकत नाहीत. वाचन, विश्लेषण, लेखन हे सगळं रविवारवर पडतं.

हिशोब बसत नसेल, तर तीन वाटा आहेत. मुलाखती घ्यायला दुसरा माणूस द्या. अशा चाचणीत रुग्ण कोणत्या गटात आहे हे माहीत नसलेला मूल्यमापक तसाही लागतोच. नाही तर विभागात चालू असलेल्या मोठ्या अभ्यासाच्या आत एक उपप्रश्न काढा. किंवा जुन्या केसपेपरवर आधारलेला अभ्यास घ्या. या शेवटच्या वाटेला सोपी समजू नका. केसपेपर उपचारासाठी लिहिलेले असतात. जास्त आजारी रुग्णाच्या नोंदी लांबलचक, बऱ्या झालेल्याच्या दोन ओळी. त्यामुळे जी माहिती नाही, ती योगायोगाने गायब झालेली नसते, आणि हे विश्लेषणात धरलं नाही तर निष्कर्ष वाकडा येतो. बेत पक्का करण्याआधी ३० केसपेपर काढून हवी ती माहिती किती जणांत सापडते ते मोजा.

राखीव वेळ रोस्टरमध्ये लिहा

तोंडी दिलेला दिवस पहिली सुट्टी कोणी घेतली की जातो. रोस्टरवर त्या दिवशी ओपीडी कोण बघणार त्याचं नाव हवं, आणि तो माणूस रजेवर असेल तर दुसरं. ऑन-कॉलच्या रात्रीनंतरचा दिवस संशोधनाला देऊ नका. तो झोपेचा दिवस असतो. भरतीच्या काळात ओपीडीच्याच दिवशी दोन अर्धे दिवस जास्त कामाचे, कारण रुग्ण तेव्हाच येतात. लिहिण्याच्या काळात मात्र सलग पूर्ण दिवस हवा. म्हणजे वाटणी दर सहा महिन्यांनी बदलावी लागते.

मार्गदर्शक

दोन तरी हवेत: एक आजार ओळखणारा, एक पद्धत जाणणारा. सांख्यिकी तज्ज्ञाला आराखडा लिहितानाच बोलवा. माहिती गोळा झाल्यावर एक्सेलची फाइल घेऊन गेलं, तर तो फक्त काय चुकलं तेवढं सांगू शकतो. शिवाय विद्यार्थ्याच्या बढतीशी ज्याचा संबंध नाही असा तिसरा माणूस ठेवा, ज्याच्याकडे मार्गदर्शकाबद्दलची तक्रार नेता येईल.

दर पंधरा दिवसांनी पाऊण तास भेट. त्याच दिवशी विद्यार्थ्याने तीन ओळी पाठवायच्या: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. प्रबंधाच्या प्रकरणाचा मसुदा आला की दोन आठवड्यांत परत. लेखकांचा क्रम पहिल्या शोधनिबंधाआधी कागदावर ठरवा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकत्वाचे चार निकष आहेत आणि चारही पूर्ण व्हावे लागतात. विभागप्रमुख असणं हा त्यात निकष नाही.

चांगल्या डॉक्टरच्या सवयी इथे आड येतात

हा भाग सगळ्यात कमी शिकवला जातो. रुग्ण रडू लागला की डॉक्टर धीर देतो, समजावतो. संशोधनाच्या मुलाखतीत तेच केलं तर मुलाखतच उपचार बनते आणि आजाराच्या मोजपट्टीवरचे पुढचे गुण बदलतात. रुग्णाला कोणतं औषध चालू आहे हे मुलाखत घेणाऱ्याला माहीत असलं की गुण नकळत त्या दिशेने झुकतात. म्हणून प्रशिक्षण द्या: १० ते १५ मुलाखतींच्या रेकॉर्डिंगवर दोन मूल्यमापकांनी स्वतंत्र गुण द्यायचे, जुळणी मोजायची, फरक पडला तिथे चर्चा करायची. सहा महिन्यांनी हेच पुन्हा, कारण सुरुवातीला जुळलेले मूल्यमापकही हळूहळू आपापल्या वाटेने जातात.

संमती घेताना आणखी एक गोची. उपचार करणाऱ्या डॉक्टरनेच विचारलं, तर रुग्णाला "नाही" म्हणणं जड जातं, आणि अभ्यास म्हणजे आपल्यासाठीच आखलेला उपचार असा त्याचा समजही होतो. विचारणारी व्यक्ती वेगळी ठेवा. तीव्र मनोविकारात रुग्णाला अभ्यास समजला का, हे त्याच्याच शब्दांत वदवून घ्या, आणि प्रकृती बदलली तर पुन्हा विचारा.

पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरत असाल, तर नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. शून्यापेक्षा जास्त उत्तर आलं तर त्याच दिवशी जोखीम कोण तपासणार, ओपीडी बंद असेल तर कोणाला फोन करायचा, हे आराखड्यात लिहा. प्रश्नावल्या भरून गठ्ठा महिन्याने उघडायचा, ही चूक अक्षम्य आहे. एथिक्स कमिटीही बहुधा इथेच बोट ठेवते.

मोजपट्ट्यांची परवानगी आधी तपासा. पीएचक्यू-९ मोफत आहे, बेकची नैराश्य प्रश्नावली तशी नाही. भाषांतर लागणार असेल, तर उलट भाषांतर (मराठीतून पुन्हा मूळ भाषेत) आणि थोड्या रुग्णांसोबत शब्दन्‌शब्द तपासणी यांत काही महिने जातात. चाचणीची नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी झाली पाहिजे. नंतरची नोंदणी अनेक नियतकालिकं मान्य करत नाहीत.

पहिले सहा महिने आणि मधला खड्डा

पहिल्या सहा महिन्यांत आराखडा, परवानग्या आणि ८ ते १० रुग्णांवर चाचपणी एवढंच अपेक्षित ठेवा. चाचपणीत मुलाखतीला किती मिनिटं लागली, कोणता प्रश्न रुग्णांनी टाळला, किती जणांनी नकार दिला, हे लिहून घ्या आणि वरचा हिशोब पुन्हा मांडा. अभ्यास सुरू झाला की योग्य रुग्ण अचानक दिसेनासे होतात. औषधशास्त्रज्ञ लुई लासान्या यांच्या नावाने हा अनुभव ओळखला जातो. भरती ठरल्याच्या निम्म्यावर आली, तर तिसऱ्या महिन्यातच दुसरं केंद्र जोडायचं की निकष सैल करायचे ते ठरवा. निकष बदलले तर कमिटीला कळवल्याशिवाय पुढचा रुग्ण घेऊ नका.

आघात आणि आत्महत्येवरच्या मुलाखती सलग तीन-चार घेतल्या की माणूस रिकामा होतो. दिवसाला दोनच ठेवा, आणि त्यांबद्दल बोलायला मार्गदर्शकाच्या पंधरवड्याच्या भेटीव्यतिरिक्त वेळ ठेवा.

बाळंतपण, आजारपण, बदली यांसाठी अभ्यास थांबू शकेल अशी सोय पहिल्या दिवसापासून करा. प्रत्येक रकान्याचं नाव, त्याचा अर्थ, संभाव्य मूल्यं आणि "उत्तर दिलं नाही" व "लागू नाही" यांचे वेगवेगळे संकेत एका फाइलमध्ये हवेत. आठ महिन्यांनी परतलेल्या विद्यार्थ्याला ९९ म्हणजे वय होतं की कोरी जागा, हे कोणाला विचारावं लागू नये.