बालवाडीच्या बेन आणि मावशींना बालसुरक्षेचं प्रशिक्षण कसं द्यावं

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडची मराठी घरातली मुलं अडीच-तीन वर्षांची झाली की बालवाडीत, अंगणवाडीत किंवा पाळणाघरात जायला लागतात. त्यांना 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श'चं एक गाणं शिकवलं की आपलं काम झालं, असं पुष्कळ ठिकाणी समजतात. मला हे मुळीच पटत नाही. तीन वर्षांचं मूल मोठ्या माणसाला अडवू शकत नाही. त्याला जपायचं ते मोठ्यांनी, म्हणून आधी शिकायचं तेही मोठ्यांनीच.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लैंगिक अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे जण मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. 'अनोळखी माणसाकडून खाऊ घ्यायचा नाही' एवढ्या शिकवणीने काय साधणार?

कोणाला बसवायचं

सगळ्यांना. बेन, म्हणजे शिकवणाऱ्या बाई, तर हव्यातच, पण तेडागर (अंगणवाडीतल्या मदतनीस), स्वयंपाकाच्या मावशी, वॉचमन आणि रिक्षावाले काकाही हवेत. मुलांना शी-शूला नेतात त्या मावशी, आणि त्यांनाच प्रशिक्षणातून वगळलं जातं. मुलं घरी गेल्यावरच्या दोन दुपारी ठेवा; एका गटात दहा-बाराच जणी असू द्या, म्हणजे लाजणाऱ्याही बोलतील. शिकवणारं माणूस बालविकास जाणणारं हवं. महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा मानव विकास विभाग आणि त्याची चेतन बालवाडी गावातच आहे. तिथे विचारून पाहा. बोलणं गुजराती-मराठी मिश्र चालेल, नव्हे तसंच ठेवा. शरीराच्या भागांना मुलं घरी जे शब्द वापरतात ते दोन्ही भाषांतले सगळ्यांना ठाऊक हवेत, नाहीतर मूल सांगेल आणि बेनला कळणारच नाही.

सुरुवात जागेपासून

पहिल्या दुपारी खुर्च्यांवर बसण्याआधी सगळ्यांनी मिळून इमारत फिरून यावी. प्रत्येक खोलीत एकच प्रश्न विचारायचा: इथे एक मोठं माणूस एका मुलाबरोबर कुणाला न दिसता राहू शकतं का? बहुतेक वेळा उत्तर संडास, सामानाची खोली आणि रिक्षातलं शेवटचं मूल असं येतं. तिथल्या तिथे नियम ठरवा. संडासचं दार अर्धं उघडं, दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेच्या टप्प्यात. धुताना मावशीने मोठ्याने बोलत राहायचं, 'आता पाणी घालते हं.' चौथ्या वर्षाकडे मुलाला स्वतः धुवायला शिकवायचं. शेवटच्या मुलाबरोबर रिक्षात आणखी एक मोठं माणूस, किंवा मार्गच असा की दोन मुलं एकत्र उतरतील.

खुणा कशा बघायच्या

इथे वेळ द्या. धावणारं मूल पडतंच. नडगी, गुडघे, कपाळ यांवरचे काळेनिळे डाग रोजचेच. पण कान, मान, गाल, दंडाची आतली बाजू, पोट, पाठ, मांड्या, कुल्ले इथल्या वळांकडे थांबून बघायचं. अजून चालता न येणाऱ्या बाळाच्या अंगावर वळ दिसला तर तो कुठेही असो, चौकशी हवी. याच्या उलटही शिकवा: आपल्याकडे पुष्कळ बाळांच्या कमरेखाली जन्मतःच निळसर डाग असतो. तो दुखत नाही, दिवसागणिक रंग बदलत नाही, काही वर्षांत आपोआप जातो. तो वळ समजून कुणावर आरोप झाला तर एक घर विनाकारण हादरतं. म्हणून प्रवेशाच्या वेळीच आईसमोर जन्मखुणा नोंदवून ठेवा.

वागण्यातल्या खुणा जास्त फसव्या. शू सांगणारं मूल पुन्हा चड्डीत करू लागलं, एका विशिष्ट माणसाला पाहून थिजलं, कपडे बदलताना किंचाळू लागलं, तर नोंद करा. एकट्या खुणेवरून काही सिद्ध होत नाही. घरात नवं बाळ आलं तरी मुलं अशी वागतात. चार वर्षांची मुलं एकमेकांचे अवयव कुतूहलाने बघतात, तेही वयाला धरून आहे. जबरदस्ती असेल, किंवा मोठ्यांच्या कृतींची नक्कल असेल, तर मात्र ते कुतूहल नव्हे.

मूल बोललं तर

दुसरी दुपार सगळी यालाच द्या, आणि भाषण नको, सराव करून घ्या. एकीने मूल व्हायचं, चित्र रंगवता रंगवता म्हणायचं, 'काकांनी इथे दुखवलं.' दुसरीने उत्तर द्यायचं. पहिल्या फेरीत जवळजवळ सगळ्याच जणी दचकून विचारतात, 'कोणत्या काकांनी? कधी? खरं सांगतेस ना?' हे आवरायचं. 'सांगितलंस ते छान केलंस. यात तुझी काही चूक नाही', आणि मग फक्त 'पुढे काय झालं?' एवढंच. 'अमक्या काकांनी हात लावला का?' असं नाव तोंडात घालायचं नाही. लहान मूल मोठ्यांना खूश करायला 'हो' म्हणतं आणि पुढे कोर्टात तेच उलटतं. 'कुणाला सांगणार नाही' असा शब्दही द्यायचा नाही, कारण सांगावं लागणारच आहे. मूल थांबलं की आपणही थांबायचं. लगेच मुलाचेच शब्द, तारीख आणि वेळ वहीत लिहायची. ताजी घटना असेल तर आंघोळ घालू नये. कपडे काढावेच लागले तर न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. जमेपर्यंत हा सराव पुन्हा पुन्हा घ्या.

कुणाला कळवायचं

मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार शंका आली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. सद्भावनेने कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, हेही ठासून सांगा. फोन करायचे नंबर दोनच: मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आणि पोलीस-आपत्कालीन मदतीचा ११२. संशयिताला बोलावून जाब विचारायचा नाही, संस्थेची 'अंतर्गत चौकशी' बसवून दिवस घालवायचे नाहीत. संशय घरातल्याच माणसावर असेल तर त्या माणसाला आधी फोन करायचा नाही.

पोलिसांच्या भीतीने बायका गप्प बसतात, म्हणून हेही समजावा: जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकारी घेते, तीही गणवेशात नसते. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते. उपचार कोणत्याही दवाखान्यात, सरकारी असो वा खासगी, मोफत आणि ताबडतोब द्यावे लागतात.

पालकांची एक सभा घेऊन हेच नियम त्यांनाही दाखवा, आणि घरी मुलाला कुणाचा पापा घ्यायची सक्ती करू नका असं सांगा. पोक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि ठरावीक काळाने प्रशिक्षण संस्थेला बंधनकारक आहे. माझ्या मते दर सहा महिन्यांनी एक दुपार पुरते, आणि तीही सरावाचीच. मध्येच नवीन मावशी आली तर पडताळणी होऊन दोन्ही दुपारचं शिकवून झाल्याशिवाय तिच्याकडे मुलांना धुवायचं काम देऊ नका.