गॅमा-इंटरफेरॉनमुळे रक्तकर्करोगाच्या पेशी मरणाला अधिक हळव्या होतात का, हे कसे तपासावे

गॅमा-इंटरफेरॉन हे रोगप्रतिकार यंत्रणेचे संदेशवाहक प्रथिन रक्तकर्करोगाच्या पेशीला बहुधा स्वतः मारत नाही. जॅक आणि स्टॅट-१ या पेशीतील संदेशवाहक प्रथिनांच्या साखळीतून त्याचा संदेश केंद्रकापर्यंत पोहोचतो, कॅस्पेज-८ या पेशी मारणाऱ्या विकरासारखी मृत्यूची हत्यारे वाढू शकतात, आणि मग ट्रेल या दुसऱ्या प्रथिनाच्या आघाताला पेशी लवकर बळी पडते. म्हणून ‘किती पेशी मेल्या’ यापेक्षा ‘दुसऱ्या आघाताने अपेक्षेपेक्षा किती जास्त मेल्या’ हा प्रश्न धरून प्रयोगाची आखणी करावी.

के-५६२ ही क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्तकर्करोगाच्या रुग्णापासून मिळालेली, प्रयोगशाळेत वाढत राहणारी पेशीमालिका मरणाला सहजी दाद देत नाही, त्यामुळे ती या कामाला योग्य ठरते. चार गट ठेवावेत: काहीही न दिलेला, केवळ इंटरफेरॉनचा, केवळ ट्रेलचा आणि आधी २४ तास इंटरफेरॉन देऊन नंतर ट्रेल दिलेला. इंटरफेरॉन मानवीच हवे. उंदराचे गॅमा-इंटरफेरॉन मानवी पेशींवर काम करत नाही. मानवी इंटरफेरॉन लागू पडले याची खूण म्हणून पेशीपृष्ठावरील एचएलए वर्ग-१ प्रथिने (रोगप्रतिकार यंत्रणेला पेशीची ओळख पटवणारी) वाढली का, हे फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन मोजण्याच्या पद्धतीने पाहावे.

नवशिके सर्वाधिक फसतात ते मोजणीत. एमटीटी या जिवंत पेशींनी तयार केलेला रंग मोजणाऱ्या चाचणीत रंग फिका पडला की पेशी मेल्या असे ते धरतात. पण इंटरफेरॉनने वाढ नुसती मंदावली तरी रंग फिकाच पडतो. त्यामुळे अ‍ॅनेक्सिन-५ (मरू लागलेल्या पेशीच्या पृष्ठभागाला चिकटणारे प्रथिन) आणि प्रोपिडियम आयोडाइड (आवरण फाटलेल्या पेशीतच शिरणारा रंग) ही जोडी वापरावी. अ‍ॅनेक्सिनला कॅल्शियम लागते, तेव्हा द्रावणात कॅल्शियम बांधून ठेवणारे ईडीटीए हे रसायन राहू देऊ नये.

समजा, केवळ इंटरफेरॉनने ९० टक्के आणि केवळ ट्रेलने ६० टक्के पेशी जिवंत राहिल्या. दोहोंचा परिणाम परस्परांपासून स्वतंत्र असेल, तर एकत्र दिल्यावर ९० टक्क्यांच्या ६० टक्के, म्हणजे ५४ टक्के पेशी वाचायला हव्यात. वारंवार केलेल्या प्रयोगांत त्याहून बऱ्याच कमी, उदाहरणार्थ ३० टक्केच वाचल्या, तरच पेशी हळव्या झाल्या असे म्हणावे. झी-व्हॅड हा कॅस्पेजरोधक दिल्यावर हा जादा मृत्यू थांबला, तर तो कॅस्पेजच्या मार्गाने होत होता असे मानता येते.

मात्र हा निष्कर्ष ट्रेलपुरताच ठेवावा. ज्या एचएलए प्रथिनांची वाढ वर खूण म्हणून वापरली, तीच के-५६२ पेशींना नैसर्गिक मारक पेशींपासून (कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशींपासून) वाचवू शकतात. तेथे इंटरफेरॉन दिलेल्या पेशी उलट अधिक चिवट ठरतात.