आजोबांची लिव्हरवाली रायफल निघाली? आधी घासू नका

नाशिकच्या जुन्या वाड्यात किंवा मळ्यातल्या घरात आजोबांची विंचेस्टर (अमेरिकन कंपनीची, ट्रिगरजवळची दांडी म्हणजे लिव्हर खालीवर करून गोळी भरायची रायफल) निघाली की पहिला उद्योग काय, तर पॉलिश पेपर मारायचा, भांडी बाजारातल्या पितळेसारखी चकाचक करायची. अजिबात नको! लोखंडावरचा मूळ निळसर काळा थर, म्हणजे ब्लुइंग, जितका शिल्लक तितकी किंमत जास्त आणि तो एकदा घासला की गेला, नंतर नवीन केला तरी जाणकार माणूस लगेच ओळखतो. कसं? कडा गोलसर होतात, बॅरलवरची कोरलेली अक्षरं पुसट दिसतात, स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतात.

हात लावायच्या आधी रिकामी आहे का बघा हं, चेंबर, म्हणजे बॅरलच्या मागची गोळी बसायची जागा, तर बघाच पण बॅरलखालच्या गोळ्या साठवायच्या नळीत पण गोळी अडकलेली असू शकते. मग बॅरलमधून उजेडाकडे बघायचं, आतले पीळ (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) स्पष्ट आहेत की गंजाने खड्डे पडलेत (आपल्याकडच्या पावसाळ्यात बहुतेक वेळा खड्डेच), लिव्हर ढिली वाटते का, लाकडाला चीर आहे का. सिरीयल नंबरवरून साल काढता येतं, १८९४ मॉडेल (हे नंतरही बरीच वर्षं बनत राहिलं) असेल तर १९६४ च्या आधी बनलेलं बनावटीला चांगलं समजतात, भाव त्यालाच.

आणि जुनी आहे म्हणून लायसन नको असं काही नसतं, चालणारी किंवा दुरुस्त होणारी असेल तर आर्म्स अ‍ॅक्ट १९५९, म्हणजे शस्त्र कायदा, लागतोच, त्यामुळे भावाची चौकशी करायच्या आधी शहरात असाल तर पोलीस आयुक्तालयात जाऊन कागदपत्रांचं बघा.