रॉक शोला निघताय? नागपूरकरांनो, या चुका टाळा

नागपुरात रॉक ऐकणाऱ्याला शो सहजासहजी मिळत नाही. कॉलेजच्या फेस्टला एखादा बँड येतो, हिवाळ्यात एखाद्या लॉनवर ट्रिब्यूट नाइट, म्हणजे गाजलेल्या बँडची गाणी वाजवण्याची रात्र, होते. मोठं काही ऐकायचं तर मुंबई, पुणे नाहीतर बेंगळुरू गाठावं लागतं. म्हणजे मुंबईसाठीच आठशेच्या वर किलोमीटर, दोन रजा आणि घरच्यांची समजूत. एवढी धडपड करून गेल्यावर रात्र बिघडते, आणि बहुतेक वेळा त्यात बँडचा काही दोष नसतो. तिकिटाची तारीख चुकलेली असते, उभं राहायची जागा चुकलेली असते, कुणाचा तरी फोन बंद पडलेला असतो. आम्ही पाच दोस्त पंधरा वर्षांपासून एकत्र शो पाहतोय. खालच्या बहुतेक चुका आम्ही स्वतः केल्या आहेत आणि त्यातली प्रत्येक टाळता आली असती.

सव्वाबाराची गाडी आणि तारीख

सगळ्यात महागात पडलेली चूक आधी सांगतो. मुंबईहून परतायला दुरांतो सोयीची. सीएसएमटीहून रात्री सव्वाबाराला सुटते, शो दहाला संपला तरी आरामात मिळते. पण सव्वाबारा म्हणजे ००:१५, आणि बारा वाजले की तारीख बदलते. शो १७ तारखेला असेल तर तिकीट १८ चं हवं. आम्ही "शोच्या रात्रीची गाडी" म्हणून शोच्याच तारखेचं काढलं. डब्यात चढलो तर आमच्या खालच्या बर्थवर एक आजी चादर ओढून झोपलेल्या. त्यांच्या मुलानं तिकीट दाखवलं, आम्ही आमचं दाखवलं, बर्थ नंबर तोच. टीसींनी मोबाइल हातात घेतला, तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "भाऊ, तुमची गाडी काल रात्रीच गेली." पाच जणांचे पैसे बुडाले, कारण गाडी सुटून गेल्यावर परतावा मागायला जागाच उरत नाही. स्टेशनवर रात्र काढली आणि सकाळी सहाच्या गीतांजलीच्या जनरल डब्यात उभ्यानं नागपूर गाठलं.

तेव्हापासून आमचा नियम असा की तिकीट एकानं काढायचं आणि दुसऱ्यानं वार, तारीख, वेळ मोठ्यानं वाचून दाखवायची. तुमच्याकडून ही चूक झालीच असेल आणि गाडी सुटायच्या आधी लक्षात आली, तर आहे ते तिकीट लगेच रद्द करा. जितका उशीर कराल तितकी कपात वाढते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. शोची तिकिटं मात्र कित्येकदा चार-पाच महिने आधीच विकली जातात. मधल्या काळात विसरायला होतं, म्हणून साठावा दिवस मोजून फोनमध्ये लावून ठेवा.

हॉटेल घेताना रद्द करता येईल असंच घ्या. ऑक्टोबर २०११ मध्ये मेटालिका हा अमेरिकन बँड पहिल्यांदा भारतात आला. २८ तारखेचा गुडगावचा शो ऐन वेळी रद्द झाला, आणि दोनच दिवसांनी, ३० तारखेला, बेंगळुरूचा व्यवस्थित पार पडला. देशभरातून गुडगावला पोहोचलेल्या लोकांची रिकामी संध्याकाळ आठवा, मग रद्द करता येणाऱ्या खोलीसाठी चार पैसे जास्त द्यायला जिवावर येणार नाही.

"एकदम पुढे उभं राहू"

हा हट्ट प्रत्येकाचा असतो. माझाही होता. दुपारी तीनपासून गेटवर थांबून बॅरिकेड पकडलं, बँड आला, पहिलं गाणं सुरू झालं आणि शेजारचा दोस्त कानात ओरडला, "अबे, त्याचा आवाजच नाही येऊन राह्यला!" खरंच येत नव्हता. गिटार आणि ड्रम अंगावर येत होते, गायकाचे नुसते ओठ हलताना दिसत होते.

कारण सोपं आहे. गायकाचा आवाज मुख्यतः स्टेजच्या डाव्या-उजव्या बाजूला टांगलेल्या स्पीकरमधून येतो आणि त्यांची तोंडं मागच्या पब्लिककडे वळवलेली असतात. अगदी पुढे मधोमध उभं राहिलं की तो आवाज डोक्यावरून आणि बाजूनं निघून जातो. कानावर पडतात ते स्टेजवरचे अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारे डबे) आणि ड्रम. मोठ्या शोमध्ये पुढच्या रांगांसाठी स्टेजच्या कडेला छोटे स्पीकर लावतात, पण फेस्टमध्ये किंवा लॉनवरच्या शोमध्ये ते असतीलच असं नाही.

ऐकायचं असेल तर साउंडवाल्याचा कन्सोल शोधा. मैदानाच्या मध्यावर, थोड्या उंचीवर, ताडपत्रीखाली एक माणूस शेकडो बटणांसमोर उभा असतो. तो जे ऐकतो त्यावरूनच आवाज जुळवतो, म्हणून त्याच्या आसपासची जागा सगळ्यात चांगली. एकदा मी त्या कठड्याला टेकून अख्खा शो ऐकला. गिटारचा सोलो सुरू व्हायच्या क्षणभर आधी त्याचं बोट एका फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या कळीवर, जायचं, गिटार केसभर वर यायची आणि सोलो संपता संपता तेच बोट खाली सरकायचं. दीड तास त्या माणसानं मान वर करून स्टेजकडे पाहिलं असेल ते पाच-सहा वेळा. त्या रात्रीपासून मी बँडइतक्याच टाळ्या त्याच्यासाठी वाजवतो.

शो सुरू झाल्यावर काही बिघडलं तर उपाय बहुतेक वेळा पायातच असतो. गायक ऐकू येत नसेल तर पंधरा-वीस पावलं मागे या आणि मधोमध सरका. एकच गिटार कानात घुसत असेल तर तुम्ही तिच्या अ‍ॅम्पच्या सरळ रेषेत आहात, दोन पावलं बाजूला व्हा. नुसताच धमधम येत असेल तर भिंतीपासून आणि खाली ठेवलेल्या मोठ्या स्पीकरपासून दूर जा, भिंतीजवळ बेस साचतो. शब्द दोनदा ऐकू येत असतील तर समोरच्या इमारतीवर आपटून आवाज परत येतोय. कॉलेजच्या मैदानांवर हे फार होतं. अशा वेळी स्टेजच्या थोडं जवळ गेलेलं बरं.

कानांची चूक मला सगळ्यात जास्त सलते

पहिल्या मोठ्या शोनंतर माझ्या कानात दोन दिवस शिटी वाजत होती. आम्ही ते अभिमानानं एकमेकांना सांगत होतो. आज तो अभिमान आठवला की वाईट वाटतं, कारण ती शिटी म्हणजे कान मार बसल्याचं सांगत होता.

हिशोब असा आहे. ८५ डेसिबलचा आवाज कानांना दिवसाला आठ तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. रॉक शोमध्ये आवाज सर्रास १०० ते ११० असतो, म्हणजे दुसरं-तिसरं गाणं संपेपर्यंत दिवसभराचा वाटा संपलेला असतो. आतल्या कानातल्या ज्या सूक्ष्म केसांच्या पेशी आवाज टिपतात, त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. एसी/डीसी या रॉक बँडचे गायक ब्रायन जॉन्सन यांना २०१६ मध्ये डॉक्टरांनी बजावलं की दौरा थांबवा, नाहीतर पूर्ण बहिरेपण येईल. त्यांना दौरा अर्धवट सोडावा लागला.

म्हणून इअरप्लग घ्या. कापसाचा बोळा चालत नाही, त्यातून आवाज आरपार येतो. फोमचे प्लग मेडिकलमध्ये किंवा सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतात. पण बरेच जण ते चुकीचे लावतात, नुसते कानाच्या तोंडाशी टेकवतात आणि म्हणतात, काही फरक पडत नाही. प्लग बोटांत फिरवून बारीक, उदबत्तीच्या काडीपेक्षा थोडा जाड करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, त्यानं आतली वाट सरळ होते. मग प्लग आत सारा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं दाबून धरा. नीट बसला की स्वतःचाच आवाज घागरीत बोलल्यासारखा येतो.

फोमची एक अडचण आहे. तो वरचे सूर जास्त कापतो, त्यामुळे गिटार गोधडीखालून वाजल्यासारखी वाटते. वर्षातून तीन-चार शो पाहत असाल तर संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग घ्या. ते सगळे सूर साधारण सारखेच उतरवतात, वर्षानुवर्षं टिकतात आणि गाण्याचा घाट बिघडत नाही. मधून मधून दहा मिनिटं मागे, आवाजापासून दूर जाऊन या. शोनंतरची शिटी दोन दिवसांत थांबली नाही, किंवा एका कानानं अचानक कमी ऐकू यायला लागलं, तर थांबू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा, अशा वेळी उपचार जितके लवकर तितके चांगले.

गर्दीत

पिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोर लोक एकमेकांना धडका देत नाचतात त्या जागेत, उतरायचं असेल तर बुटांची लेस दोन गाठींची, चष्म्याला दोरी आणि किल्ल्या चेनच्या खिशात. कुणी पडलं तर सगळ्यांनी थांबून आधी त्याला उचलायचं. हा नियम जगभरच्या पिटमध्ये आहे, तो मोडणाऱ्याला आम्ही आमच्यात उभं करत नाही. आणि कडेला हात बांधून शांतपणे ऐकणाऱ्याला ओढू नका. त्यालाही त्याच तिकिटात त्याचा शो मिळाला पाहिजे.

खरा धोका वेगळा असतो. २५ नोव्हेंबर २०२३ ला कोचीच्या विद्यापीठातल्या कार्यक्रमात पाऊस आला, बाहेरचे लोक आसऱ्यासाठी आत धावले आणि चेंगराचेंगरीत चार जणांचा जीव गेला. २००० साली डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात पर्ल जॅम या बँडचं वादन चालू असताना नऊ जण गेले. अशा गर्दीत माणूस बहुतेक गुदमरून जातो, छातीला फुगायला जागाच उरत नाही. म्हणून चारही बाजूंनी अंगं चिकटली आणि पाय आपल्या मर्जीनं हलेनासे झाले, की ते आवडतं गाणं चालू असलं तरी निघा. दोन्ही हात मुष्टियोद्ध्यासारखे छातीसमोर धरा, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. गर्दीच्या लाटेला विरोध करू नका. लाट ओसरली की तिरपे तिरपे कडेकडे सरका. खाली पडलेला फोन उचलायला वाकू नका. आणि आत शिरतानाच बाहेर पडायची दुसरी वाट बघून ठेवा, कारण सगळे आले त्याच गेटकडे धावतात.

फोनचं थोडक्यात सांगतो. हजारो लोक एकत्र आले की नेटवर्क कोलमडतं. तिकिटं घरूनच डाउनलोड करा. भेटायची जागा ठरवताना "गेटजवळ" म्हणू नका, गेटजवळ सगळेच असतात. "डावीकडून तिसरा दिव्याचा खांब" असं ठरवा आणि वेळही ठरवा.

नागपुरातला शो

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण तुमचा शो त्यातला असेल असं धरून चालू नका. मुख्य बँड आठ-साडेआठलाच उभा राहतो. "नऊला निघू, आपल्याकडे कुठे वेळेवर सुरू होतं" म्हणत बर्डीवर चहा पीत बसलेले लोक शेवटची तीन गाणी ऐकून परततात. त्यांच्या हातून त्याआधीचा लोकल बँडही जातो, आणि ते मला जास्त खटकतं. रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजवणारी ती आपल्याच गावातली पोरं असतात. त्यांच्यासमोर पन्नास माणसं उभी राहिली तरी ड्रमरचा हात बदललेला दिसतो.

मेट्रोनं गेलात तर परतीचं आधी बघा. शेवटच्या गाड्या दहाच्या आसपासच असतात आणि शोही तेव्हाच सुटतो. बाइकनं जाणार असाल तर डिक्कीत कोरडा टी-शर्ट आणि जॅकेट ठेवा. डिसेंबरात घामानं भिजलेल्या अंगानं अंबाझरीच्या रस्त्यानं निघालं की पाच मिनिटांत दात वाजायला लागतात. मार्चनंतरच्या शोला याच्या उलट. दुपारी रांगेत लागायच्या आधी पोटभर जेवा, तहान लागायची वाट न बघता पाणी पीत राहा. डोकं हलकं झालं, घाम थांबला किंवा मळमळलं तर लगेच सावलीत बसा आणि स्वयंसेवकाला हाक मारा.

एक चूक आम्ही बरीच वर्षं केली, शो लिहून न ठेवण्याची. चाळीस व्हिडिओ काढायचे, एकही परत पाहायचा नाही आणि सहा महिन्यांनी कोणतं गाणं कधी वाजलं यावर वाद घालायचा. आता शोनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही पाचही जण कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोह्यांच्या गाडीपाशी भेटतो. एक जुनी दोनशे पानी वही आहे, तर्रीचे डाग पडलेली. आठवतील तशी गाणी क्रमानं लिहायची, पाचही जणांनी मान डोलावल्याशिवाय ओळ पक्की करायची नाही. मागच्या शोच्या पानावर चौथं गाणं कोणतं यावर एकमत झालंच नाही. ती ओळ अजून कोरी आहे.