मिल्क बँकेला दूध द्यायचंय? आधी हे वाचा

आपल्या बाळाचं पोट भरून दूध उरतंय तरच द्यायचं, हे पहिलं. मिल्क बँक म्हणजे आयांनी दिलेलं दूध साठवून गरजू बाळांना देणारी सोय; मुंबईच्या सायन हॉस्पिटलात ती १९८९ पासून आहे, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली, आता बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांत असते.

जाताना प्रेग्नन्सीतले रिपोर्ट न्या, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सिफिलिस हे बघतातच. गोळ्या, तंबाखू, दारू, मध्ये कधी रक्त चढवलं असेल, सगळं खरं सांगा बायांनो, लाजू नका, कारण हे दूध जातं एक-सव्वा किलोच्या बाळांना, त्यांच्यात झेलायची ताकद नसते.

घरी काढत असाल तर हात साबणाने धुवा, पंप आणि भांडं उकळून घ्या, तारीख-वेळ लिहा, लगेच फ्रीजरमध्ये. दूध मात्र उकळायचं नाही, ते काम बँकेचं, तिथे ६२.५ डिग्रीला ३० मिनिटं पाश्चराइज करतात, मग कल्चर टेस्ट, आणि त्यात जंतू वाढले तर अख्खी बॅच टाकून देतात. वाईट वाटतं, पण तेच बरोबर.

आणि सगळ्यात जास्त विसरलं जातं ते म्हणजे, दूध दिल्यावर ताप आला, छातीत गाठ झाली, नवीन औषध सुरू झालं तर त्याच दिवशी बँकेला फोन करा. बॅच नंबरवरून तुमचं दूध शोधून थांबवता येतं, पण तुम्ही कळवलं तरच.

कोणी पैसे देऊन दूध मागितलं तर सरळ नाही म्हणा, विक्रीला परवानगी नाही, एफएसएसएआयने, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेने, २०२४ मध्ये पुन्हा बजावलंय.