अंगावरून वारं गेलेल्या तरण्या माणसाच्या हातात काय द्यावं

आधी काय देऊ नये ते सांगते. कार्टूनचं रंगवायचं पुस्तक देऊ नये. माझ्या धाकट्या भावाला ३७व्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि भेटायला येणारे पाहुणे सफरचंदांबरोबर हमखास तेच पुस्तक आणि खडूंची पेटी घेऊन यायचे. इचलकरंजीत पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होता तो. माग कुठं बिघडलाय ते नुसत्या आवाजावरून ओळखायचा. त्यानं डाव्या हातानं पुस्तक पलंगाखाली सरकवून दिलं. बोलता येत नव्हतं, पण समजत सगळं होतं.

मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते, थेरपिस्ट नाही. खाली जे लिहिलंय ते आमच्या ओटी मॅडम (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे हाताची रोजची कामं परत शिकवणाऱ्या) आणि स्पीच थेरपिस्ट यांना विचारून घरी करत आलोय. एक्स्प्रेसिव्ह आर्ट्स थेरपी, म्हणजे कलांच्या आधारानं केलेले उपचार, ही रीतसर शिकलेल्या माणसानं करायची गोष्ट आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या लेस्ली कॉलेजात तिचं शिक्षण सुरू झालं. तिच्यात एकाच कलेला धरून बसत नाहीत. चित्रातून हालचालीकडे, हालचालीतून आवाजाकडे, तिथून शब्दाकडे असं जातात. घरी होतं ते तिचं छोटं रूप. व्यायाम आणि गोळ्या चालू ठेवूनच हे करायचं, त्यांच्याऐवजी नाही.

आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो, तरी फिजिओच्या बाकावर शेजारी बसलेले बहुतेक सत्तरीतले आजोबाच असतात. त्यांच्यात चाळिशीच्या आतला माणूस बसतो तेव्हा त्याच्या डोक्यात कर्जाचे हप्ते असतात, शाळेत जाणारी पोरगी असते, दारात उभी असलेली मोटारसायकल असते. त्याला 'विरंगुळा' नको असतो. म्हणून काम निवडताना आजारी हाताकडे बघायच्या आधी तो माणूस काय करत होता ते बघा. शिंपी असेल तर कापड, गवंडी असेल तर माती, भजनी मंडळात असेल तर टाळ.

आमच्याकडे म्हणून विणकाम आलं. सव्वा फुटाची लाकडी चौकट, वर-खाली अर्ध्या अर्ध्या इंचावर चुका (बारीक खिळे) ठोकलेल्या, त्यावर सुतळीचा ताणा (उभे धागे), आणि बाण्याला (आडव्या धाग्याला) जाड लोकर. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या जागी लाकडी पट्टी, टोकं घासून गोल केलेली. मी बांधलेला ताणा भावानं एका बोटानं टिचकी मारून बघितला, मान हलवली आणि सगळा सोडायला लावला. मग मी धरायचं आणि त्यानं डाव्या हातानं ओढायचं, असा त्याच्या पसंतीचा ताण आला. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच तो मला काहीतरी शिकवत होता. उजव्या हाताला सुरुवातीला एवढंच काम, की चौकटीवर पडून राहायचं आणि ती हलू द्यायची नाही. हे सुद्धा कामच आहे. पुढं पट्टी डावीकडून ढकलायची आणि उजव्या हाताच्या कडेनं पुढं सारायची, असं करत त्याचा हात छातीसमोरून आडवा जायला लागला. तोच व्यायाम नुसता करायला सांगितला की तो तोंड फिरवायचा.

आता बैठक. डॉक्टरांना आणि फिजिओला विचारल्याशिवाय सुरू करू नका, बीपी आटोक्यात हवं. खाली मांडी घालून बसवायचं नाही. पाठ टेकणारी खुर्ची, दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले, टेबल कोपराच्या उंचीचं. अधू हात टेबलावरच असू द्या, खाली टॉवेलची घडी. लोंबकळू दिला तर खांदा सांध्यातून उतरतो, आणि त्या हाताला धरून उठवलं तर आणखी वाईट. कागद चारही कोपऱ्यांना मास्किंग टेपनं चिकटवा, रंगाच्या ताटलीखाली ओलं फडकं ठेवा म्हणजे सरकत नाही. ब्रश बारीक असतो, पकडता येत नाही. हार्डवेअरच्या दुकानात एसीच्या नळीवर चढवायचा काळा फोमचा पाइप मिळतो, त्याचा वीतभर तुकडा दांड्यावर सरकवा. रंगाचं पाणी ग्लासात कधीच ठेवू नका, बसक्या वाडग्यात ठेवा. गिळायला त्रास असलेल्या माणसानं चुकून ते तोंडाला लावलं तर ठसका लागून पंचाईत. ज्या हाताला चटका कळत नाही त्याच्याजवळ ग्लू गन आणि कटर आणायचे नाहीत.

वेळ सकाळची, नाष्ट्यानंतर थोडं पडून झालं की. वीस मिनिटं पुष्कळ झाली. झटक्यानंतरचा थकवा आळस नसतो, मेंदू खरोखर दमतो. घड्याळ बघण्यापेक्षा खांदा बघा. खांदा कानाकडे चढायला लागला, कोपर आपोआप वाकलं, मूठ आवळली, की थांबायचं.

मूठ आवळण्यावरून आठवलं. भेट म्हणून हमखास येणारी दुसरी वस्तू म्हणजे दाबायचा स्माइली बॉल. ज्याची बोटं मुळातच आत वळून घट्ट झालीत त्याला आणखी दाबायला कशाला लावायचं, असं आमच्या ओटी मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं. त्याऐवजी शाडू. गणपती संपले की मूर्तिकाराकडे उरलेली माती स्वस्तात मिळते. मऊ मळून घ्या, गोळा टेबलावर ठेवा, अधू तळवा त्यावर सपाट ठेवा, वर चांगला हात, आणि अंगाचा भार देत गोळ्याची भाकरी करा. हात उघडतो, मनगट मागं जातं, आणि थंडगार मातीचा स्पर्शही कळतो किंवा कळत नाही तेही कळतं. आमच्याकडे आधी नुसता दाब कळायचा, गारवा बराच नंतर.

चित्र काढायचं तर मोठ्ठं काढायला द्या. जुनं वर्तमानपत्र, चुन्याचा कुंचला, आणि खांद्यातून फिरणारा हात. गेरू सारवलेल्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगानं वारली पद्धतीची माणसं काढायलाही बरी, कारण त्रिकोण, गोल आणि रेघ यातच सगळं भागतं आणि रेघ थरथरली तरी माणूस नाचतोयसा वाटतो. अमेरिकन चित्रकार कॅथरीन शेरवूड यांचा उजवा हात १९९७ साली, वयाच्या ४४व्या वर्षी मेंदूतल्या रक्तस्रावानं गेला. त्यांनी कॅनव्हास टेबलावर आडवा टाकला आणि डाव्या हातानं काम सुरू केलं. कागद आडवा असला की हाताला टेकू मिळतो.

डावी बाजू गेलेल्यांचं वेगळं असतं. उजव्या मेंदूला मार बसला की काहींना डावीकडचं जगच लक्षात येत नाही. डोळे चांगले असतात, पण तिकडं लक्ष जात नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, कागदाचा डावा अर्धा कोरा राहतो. जर्मन चित्रकार लोविस कोरिंथ यांना १९११ साली झटका आला, त्यानंतरच्या काही चित्रांतही डावी बाजू विस्कटलेली दिसते. फिजिओथेरपीला येणाऱ्या एका ताईंना मी ठिपक्यांची रांगोळी सुचवली. कागदाच्या डाव्या कडेला लाल टेपची उभी पट्टी लावायची, आणि प्रत्येक ओळ 'लाल दिसली का?' असं स्वतःला विचारून तिथूनच सुरू करायची. ठिपक्यांचं बरं असतं, राहिलेला ठिपका मोजताना सापडतो. शिकवणाऱ्यानं डावीकडेच बसायचं.

वाचेचं जरा सविस्तर सांगते, कारण इथं घरोघरी गैरसमज होतो. माझा भाऊ साधं 'पाणी' म्हणू शकत नव्हता, पण आरती सुरू झाली की शब्दन्‌शब्द म्हणायचा. बे एके बे, बे दुणे चार, तेही धडधडत. आई रडली, म्हणाली, वाचा आली. ती आली नव्हती. पाठ झालेलं गाणं आणि पाढे मेंदू वेगळ्या वाटेनं बाहेर काढतो, नवं वाक्य जुळवायला ती वाट आपोआप उपयोगी पडत नाही. ती मुद्दाम वळवावी लागते. बोस्टनमध्ये अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी १९७३ साली यासाठी सुरावर बोलायची पद्धत मांडली. स्पीच थेरपिस्टकडून ती शिकून घ्या. घरी आम्ही अशी करतो:

समोरासमोर बसायचं. रोज लागणारं छोटं वाक्य घ्यायचं, 'चहा हवा'. दोनच सूर, एक वरचा, एक खालचा. त्याचा डावा हात मी हातात घेते आणि टेबलावर च–हा–ह–वा असे चार ठोके देते. आधी ओठ मिटून नुसतं गुणगुणायचं. मग दोघांनी मिळून म्हणायचं. मग मी अर्ध्यात गप्प होते, त्यानं पुरं करायचं. मग मी म्हणते, तो मागून म्हणतो. शेवटी मी विचारते, "काय हवंय?" आणि थांबते. हे थांबणं सगळ्यांत अवघड, घरातलं कुणीतरी मधेच उत्तर देतंच. त्याच्या तोंडून 'चहा' सुरात आला की पुढच्या वेळी सूर थोडा उतरवायचा, बोलण्याजवळ आणायचा. वाक्यं त्याच्या कामाची असू द्यात. भावाचं दुसरं वाक्य 'दार लाव' आणि तिसरं 'गप बस', हे त्यानंच निवडलं.

ताल पायालाही लागतो. मोबाइलवरच्या मेट्रोनोमचा (ठरलेल्या वेगानं ठोके देणाऱ्या ॲपचा) वेग त्याच्या आजच्या चालीला जुळवा, आपल्या घाईला नाही, आणि ठोक्यागणिक पाऊल. आम्ही केहरवा लावतो. कमरेचा पट्टा धरून एकजण अधू बाजूला हवाच. नुसतं ऐकण्याचाही उपयोग आहे. २००८ साली फिनलंडमध्ये तेपो सॅरकॅमो यांच्या अभ्यासात दोन महिने रोज आवडीचं संगीत ऐकणाऱ्या झटक्याच्या रुग्णांची शब्दांची स्मृती आणि लक्ष, बोलकी पुस्तकं ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारलं. आवडीचं म्हणजे त्याच्या आवडीचं, घरच्यांना पवित्र वाटतं ते नव्हे.

मनातलं काढायला आठवड्यातून एकदा मोठा खाकी कागद घ्या, त्यावर माणसाची बाह्यरेषा तुम्ही काढून द्या आणि रंग त्याच्यापुढं ठेवा. भावानं उजवा हात राखाडी भरला आणि खांद्यापाशी लाल गाठ मारली. मग त्या गाठीसारखं अंग करून दाखव म्हटलं, तर खांदा वळवून दाखवला. मग डाव्या हातानं शेजारी एक शब्द लिहिला, 'पोतं'. मी काही बोलले नाही. 'हे काय काढलंस?' विचारू नये, 'वा, छान' म्हणू नये, अर्थ तर अजिबात लावू नये. काळा रंग वापरला म्हणून घाबरायचं कारण नाही. कारण नसताना एकदम रडू किंवा हसू फुटणं हा मेंदूच्या इजेचाही भाग असतो, डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे. मात्र झोप-जेवण तुटलं, 'मी कशाला उरलो' असं काही खुणेनं जरी आलं, तर चित्रं बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञ गाठा. झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही चालतो. आणि काम करता करता तोंड वाकडं झालं, हात नव्यानं पडला, तर वेळ बघून ठेवा आणि लगेच १०८ लावा. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला साडेचार तासांचीच मुदत असते.

मुंबईच्या जवळ असाल तर हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आणि वाचेसाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था, दोन्ही सरकारी आहेत. आमच्यासारख्या लांबच्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी ओटी शोधावा, फिजिओ आणि ओटी वेगळे हे आधी रिक्षावाल्यापासून सगळ्यांना समजवावं लागतं ते असो.

प्रत्येक कागदाच्या मागं तारीख, कोणता हात वापरला, आणि कुणी आधार दिला का, एवढं पेन्सिलीनं लिहून ठेवा. पुढच्या तपासणीला जाताना त्यातले चार कागद आणि विणलेली पट्टी पिशवीत घाला. 'बरं चाललंय' यावरून ओटी मॅडमना काही कळत नाही. पट्टीची उजवी कड कुठं सैल झालीय ते बघून मात्र पुढच्या महिन्याचा व्यायाम त्या तिथल्या तिथं ठरवतात.