भाषण पटते ते कशामुळे: नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी

मृग नक्षत्र जवळ आले की गावात बियाण्यांच्या प्रचाराची गाडी येते आणि पारापाशी थांबून भोंगा सुरू करते. विद्यार्थ्यांनी त्या दिवशी वही-पेन घेऊन तिच्याजवळ उभे राहावे आणि ऐकू येईल ते प्रत्येक वाक्य जसेच्या तसे उतरवून घ्यावे, कारण श्रोत्याचे मन वळवण्यासाठी बोलणारा काय काय करतो याचा नमुना याहून सोपा मिळणार नाही.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीसमधील ॲरिस्टॉटल या तत्त्ववेत्त्याने मन वळवण्याची तीन साधने सांगितली. बोलणाऱ्यावरचा विश्वास म्हणजे इथॉस, ऐकणाऱ्याच्या मनात जागवलेली भावना म्हणजे पॅथॉस आणि मुद्द्याला दिलेला पुरावा व तर्क म्हणजे लोगॉस. उतरवलेल्या प्रत्येक वाक्यासमोर समासात ‘वि’, ‘भा’ किंवा ‘त’ असे अक्षर लिहावे. काही वाक्यांना दोन अक्षरे लागतील, त्यात चूक काही नाही.

समजा, भोंग्यावरून असे सांगितले गेले: ‘शेजारच्या गावातील प्रगतिशील शेतकऱ्याने या वाणाचे एकरी पंधरा क्विंटल घेतले, बोंडअळीची चिंता मिटली, यंदा मुलीचे लग्न थाटात करा.’ यातील पहिला भाग आकड्यामुळे तर्कासारखा दिसतो, पण तो तपासायला हवा. ते वावर ओलिताचे होते की कोरडवाहू, जमीन काळी भारी होती की मुरमाड, आणि ज्या इतरांनी तेच वाण लावले त्यांना किती उतारा मिळाला, ही माहिती नसेल तर एका शेतकऱ्याच्या अनुभवावरून सगळ्या गावाचा निष्कर्ष काढला जात आहे असे समजावे. ‘प्रगतिशील शेतकरी’ हे शब्द उसना विश्वास आणतात. तो शेतकरी स्वतः तेथे बोलत नसतो. बोंडअळीबद्दलच्या दाव्यासाठी घरातील मोठ्यांनाच विचारावे, कारण २०१७ च्या हंगामात बोंडअळीला रोखण्यासाठीच तयार केलेल्या बीटी कपाशीवरही गुलाबी बोंडअळीने विदर्भात किती नुकसान केले ते त्यांनी पाहिलेले आहे. लग्नाचा उल्लेख ही उघड भावना आहे. गाडी पेरणीच्या तोंडावर, म्हणजे विचार करायला सवड नसताना येते, हेही वहीत नोंदवावे. योग्य वेळ साधण्याला ग्रीक लोक कैरॉस म्हणत.

येथे एक गैरसमज होतो. भावना म्हणजे फसवणूक आणि तर्क म्हणजे सत्य, असे अनेक विद्यार्थी धरून चालतात, पण आकडाही फसवू शकतो आणि भावना खरीही असू शकते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा ज्या गावात जात तेथे आधी हातात खराटा घेऊन रस्ते झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. स्वच्छतेबद्दल ते बोलू लागेपर्यंत त्यांचा इथॉस तयार झालेला असे. कीर्तनात ते साध्या वऱ्हाडी बोलीत समोरच्या लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. स्वतः दिलेले उत्तर माणूस सहसा नाकारत नाही. पोळ्याच्या तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्या या लोकगीतांमध्येही मन वळवण्याची ताकद असते, मात्र तेथे काम टोमणा आणि यमक करतात, पुरावा फारसा नसतो.

आता स्वतःचे भाषण तयार करावे. शाळा पाच वाजता सुटते आणि एसटी साडेसहाला येते, ही अडचण ग्रामसभेत मांडायची आहे असे धरू. सुरुवात चारोळीने करू नये. वक्तृत्व स्पर्धेत ती खपते, ग्रामसभेत लोक घड्याळ पाहू लागतात. आधी पंधरा दिवस गाडी थांब्यावर प्रत्यक्ष किती वाजता आली याची तारीखवार नोंद ठेवावी आणि पासधारक विद्यार्थ्यांची गाववार यादी करावी. हे काम कंटाळवाणे आहे आणि शाळकरी भाषणांत नेमके तेच नसते. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास मिळतो, तेव्हा पास असूनही गाडी वेळेवर नसल्याने त्याचा उपयोग होत नाही, हा मुद्दा तर्काच्या बाजूने भक्कम ठरतो.

भावनेसाठी एकच प्रसंग पुरे: हिवाळ्यात सहालाच अंधार पडतो आणि थांब्यापासून गावापर्यंतची वाट रानडुकरे फिरतात अशा शिवारातून जाते. तो प्रसंग रोज त्या वाटेने येणाऱ्या मुलीनेच सांगावा, मग तिचे उच्चार शुद्ध असोत वा नसोत, कारण स्पर्धेत बक्षीस मिळवणाऱ्या मुलापेक्षा येथे तिच्या शब्दाला वजन आहे.

प्रवासी मिळत नाहीत, असे उत्तर आगाराकडून येईल हे गृहीत धरून ते आपणच आधी बोलून दाखवावे आणि लगेच पासधारकांची यादी पुढे ठेवावी. शेवटी मागणी एका वाक्यात करावी: कोणती गाडी, किती वाजता, कोणत्या थांब्यावर. सभेचा ठराव झाल्यावर त्याची प्रत जोडून आगार व्यवस्थापकांकडे अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यावी.